आमच्या चाळीचे टेकू

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण लग्न होऊन या गिरगावातल्या चाळीत आले तेव्हापासून जिन्याखालचे लाकडी टेकू पाहते आहे. ते का उभे राहिले, हे सासूबाईंना विचारले, चाळ कमिटीच्या पेटीतले कागद चाळले आणि समजले तेवढे लिहिते. भगिनींनी चूकभूल पदरात घ्यावी.

भाड्यावर बंधन घालणारा कायदा मुंबईत प्रथम १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. दुसऱ्या युद्धात पुन्हा जागेची टंचाई आली. पुढे १९४७ चा कायदा आला व १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे साधारणपणे तसेच गोठवले गेले. आजेसासऱ्यांच्या नावाची पावती घरात आहे, दरमहा नऊ रुपये. या नऊ रुपयांवर गिरणीतल्या नि छापखान्यातल्या माणसांचे संसार तगले. परंतु चुना, सागवान, मजुरी महाग होत गेली आणि भाडे जागचे हलले नाही, तेव्हा मालकांनी चाळींकडे पाठ फिरवली. सारा दोष मालकाचाच, असे मला म्हणवत नाही. (सासूबाईंना हे वाक्य आवडणार नाही.)

पडझड फार वाढली म्हणून १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. त्या वेळी अशा १९,६४२ इमारतींवर उपकर बसला. खांब, तुळया, जिने असली मोठी कामे मंडळाकडे आली. घरातली मोरी मात्र मालक आणि भाडेकरू यांच्यातच राहिली.

आमच्याकडे भांडण मोरीवरूनच झाले. १९७२ साली आमच्या मोरीचे पाणी खालच्या काकूंच्या चुलीवर गळे. दोन्ही घरांत बोलणे बंद. हळदीकुंकवालासुद्धा बोलावणे नाही! मालक तिकडे निवांत. शेवटी चाळीतल्या एका कारकुनाने समजावले की दुरुस्ती करणे कायद्याने मालकावर आहे. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. त्याने न केल्यास आपण करून घ्यावी आणि ठरलेल्या मर्यादेत खर्च भाड्यातून कापावा. नोटीस सर्वांनी मिळूनही देता येते. सात बायकांनी ती दिली, दोघींचे अंगठे. पहिली सही सासूबाईंची, दुसरी काकूंची.

मोरी झाली. पण मालकाच्या मेहत्याने कापलेले भाडे घेण्याचे नाकारले. मग दरमहा मनीऑर्डर, आणि दरमहा ती परत. पुढे भाडे थकवले म्हणून धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात दावा आला, तेव्हा त्या पावत्यांपुढे तो टिकला नाही. पावत्या अजून पेटीत आहेत, कडा वाळवीने खाल्लेल्या.

३१ मार्च २००० पासून १९९९ चा नवा कायदा लागू झाला. दरसाल चार टक्के भाडेवाढ आली, दुरुस्ती मालकावरच राहिली. आपण केल्यास वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत रक्कम कापता येते. आमचे भाडे महिना १२० रुपये. वर्षाचे १,४४० झाले, त्याचा चौथा हिस्सा ३६०. इतक्यात आज गवंडी दुपारपर्यंतसुद्धा थांबायचा नाही. म्हणजे हक्क शाबूत, पण त्यात मोरी होत नाही.

टेकूंचे काम दुरुस्ती मंडळाचे. तिथे अर्ज करायला मात्र निम्मी बिऱ्हाडे कचरतात. मोठी दुरुस्ती निघाली तर खोल्या रिकाम्या करून संक्रमण शिबिरात जावे लागेल, ही धास्ती. शेजारच्या गल्लीतून गेलेली काही कुटुंबे वर्षानुवर्षे परतलेली नाहीत, त्यामुळे ती धास्ती खोटी कशी म्हणावी? सासूबाई म्हणतात, मी जिना उतरेन ती खांद्यावरूनच. मी म्हणते, जिना राहिला तर!

यंदाच्या अर्जावर त्यांनी गेल्या गुरुवारी सही केली. चार बिऱ्हाडांच्या बाकी आहेत. कागद माझ्याकडे आहे.