सुताची शिकवण, रुळाचा सांधा

कळमना म्हटलं की नागपूरकरांना मिरची-संत्र्यांचा बाजार आठवतो. पण हावडा मार्गावरच्या या जंक्शनसारख्या ठिकाणी रुळांत एक फार मोलाची वस्तू बसवलेली असते: ग्लूड जॉइंट. सिग्नलच्या सर्किटसाठी रुळाची दोन टोकं विजेपुरती तोडायची, पण ताकदीला जोडलेलीच ठेवायची. म्हणून टोकांमध्ये इन्सुलेशनची पातळ पट्टी, दोन्ही अंगांना फिशप्लेटा (पोलादी जोडपट्ट्या), त्यांच्याखाली काचतंतू आणि इपॉक्सी हा गोंद, शिवाय बोल्ट.

मीटरला 60 किलो वजनाचा, सलग वेल्ड केलेला रूळ एका अंशाने गार झाला की त्यात दोन टनांच्या आसपास ओढ येते. नागपुरात कडक उन्हाळ्यानंतर थंडीही कडाक्याची पडते. बांधणीच्या तापमानापेक्षा रूळ 30 अंशांनी उतरला, तर ओढ 55 टनांच्या पुढे जाते. इपॉक्सी एवढी ओढ पेलेल का?

अभियंता फोल्करसेनने 1938 साली रिव्हेटच्या सांध्यांचा हिशेब मांडला, तोच पुढे चिकटवलेल्या सांध्यांना लागू पडला. ताण सगळीकडे सारखा नसतो, तो टोकांशी साचतो. म्हणून चिकटवलेला भाग दुप्पट लांब केला तरी ताकद दुप्पट होत नाही. पण या हिशेबाचं उत्तर एकच आकडा असतं. प्रत्यक्षात एकाच हाताने, एकाच दिवशी केलेले सांधेही वेगवेगळ्या ओढीला सुटतात. कुठे तेलाचा डाग राहतो, कुठे हवेचा बुडबुडा, कुठे दमटपणा.

या फरकाचं गणित आलं कापसातून, आणि कधीकाळच्या एम्प्रेस कापडगिरणीच्या नागपूरला हे जवळचं वाटावं. मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये पीअर्सने 1926 साली दाखवलं, की सूत तुटतं ते त्याच्या सर्वांत कमजोर जागी. सूत जितकं लांब, तितकी अशी जागा सापडण्याची शक्यता जास्त. स्वीडनच्या वायबुलने 1939 मध्ये तोच विचार सगळ्या पदार्थांना लावला. पुढे अभियंत्यांनी सांध्याच्या ताकदीचा पसारा आणि त्यावर येणाऱ्या भाराचा पसारा शेजारी ठेवले. हे दोन पसारे जिथे एकमेकांत शिरतात, तिथे सांधा सुटण्याची शक्यता मोजता येते.

माझ्या मते यातली सर्वांत मोठी कमाई म्हणजे 'सरासरी ताकद' या शब्दावरचा भाबडा विश्वास गेला. सांधा विकत घेणाऱ्याने सरासरीसोबत ताकदीचा पसाराही मागावा, आणि तो मिळेपर्यंत सही करू नये.