पहिले शब्द कोण लिहितो?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही एक प्रश्न हमखास विचारायचो. कोशातला प्रत्येक शब्द दुसऱ्या शब्दांनी समजावायचा, तर पहिला कशाने? चार्ल्स मूर यांच्या फोर्थ या संगणकभाषेत हा प्रश्न हाताला लागतो. तिथे आज्ञेला 'शब्द'च म्हणतात आणि आज्ञांच्या साठ्याला 'शब्दकोश'. (नाव खरं 'चौथी' या अर्थाचं, पण आयबीएम ११३० वर फाइलच्या नावाला पाचच अक्षरं मिळत, म्हणून स्पेलिंगमधला यू गळाला!)

१९९० मध्ये बिल म्युंच आणि सी. एच. टिंग यांनी ईफोर्थ रचली. यंत्राशी थेट बोलणारे तीसेक शब्द असेंब्लीत, बाकी सगळे त्यांच्या जोरावर. नवा मायक्रोकंट्रोलर आला की तेवढेच पुन्हा लिहायचे. मेख इथेच आहे. ते यंत्रभाषेत उतरवणारा असेंब्लर होता मायक्रोसॉफ्टचा, बंदिस्त. भाषेचा मजकूर खुला, पण बी दुसऱ्याच्या कोठारात!

पुढे एव्हीआर चिपसाठी अ‍ॅमफोर्थ आली. ती अ‍ॅटमेलच्या असेंब्लरने बांधता येते, तशी अव्रा या मुक्त असेंब्लरनेही. आता अडचण बघा. या चिपमध्ये प्रोग्राम फ्लॅशमधूनच चालतो, रॅममधून नाही. म्हणजे आपण टाइप केलेला नवा शब्द चिपने स्वतःच्याच फ्लॅशमध्ये लिहून घ्यायचा. आणि अ‍ॅटमेगात ही लिहिण्याची आज्ञा चालते फक्त बूटलोडरच्या राखीव भागातून. तो तुकडा नेमक्या त्या पत्त्यावर असेंब्लरनेच बसवावा लागतो. एकदा बसला, की असेंब्लर बाजूला ठेवा; पुढचे शब्द सिरियल तारेवरून एकेक सांगत जायचे.