पहारेकऱ्याच्या पोटातला चोर

१८८२ साल. सिसिलीतल्या मेसिना गावी घरची मंडळी सर्कशीला गेली होती आणि रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात हिंडणाऱ्या पेशी पाहता पाहता त्यांच्या मनात आले, या शरीराच्या पहारेकरी तर नसतील? ते बागेत गेले, गुलाबाचे काटे आणून त्यांनी पिल्लांना टोचले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! शत्रूला गिळणाऱ्या म्हणून त्या भक्षक पेशी.

पण चोराने पहारेकऱ्याच्याच पोटात बिऱ्हाड थाटले तर? काळा आजार म्हणजे नेमके हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या तापाने आसामात गावे ओस पाडली. ताप हटत नाही, पाणथरी वाढून पोट नगाऱ्यासारखे होते, माणूस वाळत जातो. १९०३ साली लीशमन यांनी डमडमहून परतलेल्या एका मृत सैनिकाच्या पाणथरीत आढळलेल्या सूक्ष्म कणांची हकीकत छापली. त्याच वर्षी मद्रासेत डोनोवन यांनाही ते दिसले. रॉस यांनी जंतूचे बारसे करताना दोघांचाही मान राखला: लीशमानिया डोनोवनी!

वाळूमाशी चावताना अंगात शिरलेला हा जंतू भक्षक पेशीला चुकवीत नाही. खुशाल स्वतःला गिळू देतो आणि इतर जंतू जिथे विरघळतात त्या आम्लाच्या कोठीतच वंश वाढवतो. मग पहारेकरी नेभळट म्हणायचा काय? मला तसे वाटत नाही. तो हुकमाची वाट पाहत असतो. गिळलेल्या जंतूचे तुकडे तो आपल्या अंगावर मांडतो. ते ओळखून टी पेशी गॅमा इंटरफेरॉन नावाचे रसायन सोडतात. उंदरांवरील प्रयोगांत दिसले, की हा निरोप पोचताच भक्षक पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि पोटातल्या पाहुण्याला तिथेच मारते. उलट निरोप देणारी रसायनेही असतात. त्यांची सरशी झाली की जंतूचे फावते. म्हणूनच जंतू अंगात शिरूनही कित्येकजण आजारी पडत नाहीत.

ज्यांच्या अंगी हे बळ नव्हते, त्यांच्यासाठी उपेंद्रनाथ ब्रह्मचारी झटले. कलकत्त्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातल्या एका लहानशा खोलीत, जिथे ना वीज, ना पाण्याचा नळ, त्यांनी १९२० साली युरिया स्टिबामाइन तयार केले. त्याने असंख्य जीव वाचले. परंतु १९२२ साली त्यांनाच दिसले, की बरे झालेल्या काहींच्या कातडीत जंतू अजून आहेत. पुढे एचआयव्हीने टी पेशी खचलेल्या रोग्यांत, वर्षानुवर्षे दडलेला हा ताप पुन्हा उसळलेला डॉक्टरांनी पाहिला.