मोजणी ते आराखडा : अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर परिसरातील सार्वजनिक-सांस्कृतिक वास्तू आणि वास्तुकला विद्यार्थ्याचे रेखाटन – एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वास्तुकलेच्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्याला सभागृह, ग्रंथालय, संग्रहालय, नाट्यगृह, समाजमंदिर अशा सार्वजनिक व सांस्कृतिक वास्तूंचे आराखडे तयार करावे लागतात. त्यांपैकी बहुतेक आराखडे प्रत्यक्षात बांधले जात नाहीत. परीक्षकांसमोर ते मांडले जातात, त्यांवर गुण मिळतात आणि पुढे ते महाविद्यालयाच्या कपाटात किंवा विद्यार्थ्याच्या घरी पडून राहतात. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांकडे साधन म्हणून सहसा पाहिलेले नाही. वस्तुतः असा प्रकल्प करताना विद्यार्थी जागेची मोजमापे घेतो, तेथील वहिवाट नोंदवतो, जुन्या बांधकामाचे रेखाटन करतो आणि त्या गावाला कोणत्या वास्तूची गरज आहे याविषयी एक विधान करतो. या चारही गोष्टी इतिहासाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत.

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर ही एकमेकांना लागून असलेली तीन शहरे या दृष्टीने विशेष अभ्यासनीय ठरतात. एका शहरात अकराव्या शतकातील शिवालय आहे, दुसरे लष्करी छावणीतून निर्वासितांचे नगर झाले, तर तिसरे रेल्वेच्या आधाराने खेड्याचे शहर बनले. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या वास्तु-रेखाटनाचा एक अगदी आरंभीचा प्रयत्न याच परिसरात झाला, ही बाबही लक्षणीय आहे. विद्यार्थ्याच्या रेखाटनाचे या परिसरातील ऐतिहासिक स्थान तपासणे आणि तीनही शहरांतील सार्वजनिक वास्तूंचे स्वरूप कोणत्या कारणांनी घडले ते पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

अंबरनाथचे शिवालय : वास्तू आणि तिचे वाचन

वालधुनी नदीच्या काठी असलेले अंबरनाथचे शिवालय उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील आहे. मंदिरातील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ दिलेला असून त्यात शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख येतो. बांधकामाचा आरंभ त्याचा पूर्वसुरी छित्तराज याच्या काळात झाला असावा, असे सामान्यतः मानले जाते. या शिलालेखाच्या वाचनालाही स्वतःचा इतिहास आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रथम त्यातील शक ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखवून दिले. एका अंकाच्या वाचनाने मंदिराचा काळ दोनशे वर्षांनी पुढे आला. दगडावरील एक रेघ नेमकी टिपणे किती महत्त्वाचे असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

वास्तुदृष्ट्या हे मंदिर भूमिज शैलीचे आहे. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ही याच शैलीची प्रसिद्ध उदाहरणे. शिखरावर उभ्या पट्ट्यांच्या मधून लहान लहान शिखरांच्या प्रतिकृतींच्या ओळी रचणे, हे या शैलीचे वैशिष्ट्य आहे. अंबरनाथचे मंदिर स्थानिक काळ्या पाषाणात बांधलेले असून पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी मुखमंडप आहेत आणि आतील चार स्तंभांवर विपुल कोरीवकाम आहे. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते. शिखराचा वरचा भाग आज अस्तित्वात नसल्याने गर्भगृहात वरून उजेड येतो. भाविकाच्या दृष्टीने हा उतार म्हणजे देवाच्या सान्निध्यात जाण्याचा मार्ग आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र तो एक अवघड छेद-आराखडा आहे, कारण तळ आराखडा कितीही अचूक काढला तरी हा उतार त्यात दिसत नाही. तो कळण्यासाठी वास्तू उभी कापून पाहावी लागते.

१८६८ ची मोजणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे, रेखाटने व साचे तयार करण्याचे धोरण शासनाने हाती घेतले. ओरिसात राजेंद्रलाल मित्र यांनी कलकत्त्याच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या मदतीने काम केले. लेफ्टनंट एच. एच. कोल यांनी काश्मीरमधील वास्तूंची नोंद केली व त्यानंतर सांचीच्या तोरणाचा साचा घेतला. मुंबई इलाख्यात या कामासाठी निवड झाली ती अंबरनाथच्या शिवालयाची. १८६८ मध्ये हे काम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेकडे सोपवण्यात आले आणि जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मंदिराची मोजमापे घेतली, आराखडे काढले व कोरीवकामाचे साचे तयार केले.

अंबरनाथचीच निवड होण्यास तेथील शिल्पवैभवाबरोबर दळणवळणाची सोयही कारणीभूत झाली असावी. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत आली आणि १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे जाणारा फाटा अंबरनाथ-बदलापूरवरून पुढे गेला. त्यामुळे साहित्य व माणसे मुंबईहून नेणे सुलभ झाले होते. १८५७ मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेला त्या वेळी जेमतेम अकरा वर्षे झाली होती. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे सुप्रसिद्ध काम १८७२ नंतर हाती घेतले. म्हणजे अंबरनाथची मोजणी त्याच्याही आधीची ठरते.

या कामामागे शासनाचा हेतू प्रामुख्याने संग्रहाचा होता. वसाहतीतील कारागिरीचे नमुने इंग्लंडमध्ये व कलाशाळांत उपलब्ध व्हावेत, ही त्यामागची भूमिका होती. तथापि या प्रक्रियेत एतद्देशीय विद्यार्थ्याच्या हाती मोजपट्टी आणि कागद आला. ज्या मंदिराला तो पूर्वी केवळ नमस्कार करीत असे, त्याची मोजमापे तो आता घेऊ लागला. भक्ती आणि अभ्यास या दोन दृष्टी एका ठिकाणी येण्याचा हा प्रसंग मराठी प्रदेशाच्या वास्तुशिक्षणाच्या इतिहासात नोंद घेण्याजोगा आहे.

मोजणीकडून स्वतंत्र आराखड्याकडे

कलाशाळेत वास्तुकलेचे पद्धतशीर शिक्षण पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिरावले. १९०८ मध्ये जॉन बेग यांच्या पुढाकाराने चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यानंतर प्राध्यापक म्हणून आलेले क्लॉड बॅटली यांनी भारतीय वास्तूंच्या मोजणीला अभ्यासक्रमात महत्त्वाचे स्थान दिले. विद्यार्थ्यांनी केलेल्या मोजणीच्या आराखड्यांवर आधारलेला त्यांचा ‘द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर’ हा ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्याची मोजणी केल्याविना नव्याची रचना करू नये, ही या परंपरेची शिकवण होती. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नंतर देशभरातील अभ्यासक्रमाला एकसूत्रीपणा आला आणि अंतिम वर्षाचा प्रबंध-प्रकल्प हा शिक्षणाचा कळस ठरला. मोजणी हा त्या प्रकल्पाचा पाया, तर आराखडा हे त्याचे उत्तर असते. या दोहोंचा संबंध तुटला की प्रकल्प केवळ आकर्षक चित्र बनतो.

उल्हासनगर : बराकीतील सार्वजनिक जीवन

अंबरनाथहून वालधुनीच्या प्रवाहाबरोबर खाली आल्यास उल्हासनगर लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची तात्पुरती छावणी उभारण्यात आली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना या छावणीतील बराकींत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. शहराचे विभाग आजही ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ अशाच नावांनी ओळखले जातात.

लष्करी छावणीच्या अभिन्यासात चौक, सभागृह, देऊळ, वाचनालय अशा नागरी गोष्टींना स्थान नव्हते. एकाच आकाराच्या लांबट बराकी ओळीने उभ्या होत्या. एका बराकीत पडदे वा फळ्या लावून अनेक कुटुंबे राहू लागली. अशा ठिकाणी सार्वजनिक वास्तू प्रथम उभ्या राहिल्या त्या लोकांच्या गरजेतून. बराकीचा व्हरांडा दुकान झाला, दोन बराकींमधील मोकळी जागा सत्संगाची आणि लग्नकार्याची जागा झाली. झुलेलालाचे चालिया मंदिर, संतांचे दरबार, शाळा व महाविद्यालये ही या समाजाने नव्या भूमीत रुजवलेली सांस्कृतिक केंद्रे होत. सिंध प्रांत भारतात आला नाही. त्यामुळे या समाजाला आपली भाषा, सण आणि उपासना जपण्यासाठी कोणताही भूप्रदेश उरला नव्हता. त्यांना उरल्या होत्या त्या फक्त वास्तू.

पुढील काळात बराकी पाडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. अवघ्या तेरा चौरस किलोमीटरच्या आसपास क्षेत्र असलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ५,०६,०९८ होती. जमिनीवरील ताणातून अनधिकृत बांधकामांचा प्रश्न तीव्र झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ८५५ इमारतींवरील कारवाईचा प्रश्न २००५ च्या सुमारास ऐरणीवर आला आणि २००६ मध्ये राज्य शासनाला उल्हासनगरपुरता बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. या सर्व वादात चर्चा झाली ती घरे व दुकाने यांची. पाडल्या जाणाऱ्या बराकी या फाळणीच्या इतिहासाचे साधन आहेत, हा विचार त्यात मागे पडला.

उल्हासनगरात सिंधी संस्कृती केंद्र किंवा फाळणी-स्मृती संग्रहालय असा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याचे काम येथे महत्त्वाचे ठरते. त्याला आधी एखादी उरलेली बराक शोधावी लागेल, तिची लांबी-रुंदी, छपराचा उतार, भिंतींची जाडी आणि रहिवाशांनी वेळोवेळी केलेले बदल नोंदवावे लागतील. प्राचीन स्मारकाला कायद्याचे संरक्षण असते आणि त्याचे आराखडे शासनदरबारी असतात. सामान्य बराकीच्या बाबतीत मात्र विद्यार्थ्याने काढलेला आराखडा हाच पुढे तिचा एकमेव पुरावा ठरण्याची शक्यता असते.

बदलापूर : नदी, रेल्वे आणि ग्रंथ

कल्याण-कर्जत मार्गावरील बदलापूर हे घोडे बदलण्याचे ठिकाण होते व त्यावरून गावाला नाव मिळाले, असे परंपरेने सांगितले जाते. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत अंबरनाथ व कुळगाव-बदलापूर यांचा समावेश करण्यात आला होता. १९९२ मध्ये ही दोन्ही गावे त्यातून वेगळी झाली. २०११ च्या जनगणनेत बदलापूरची लोकसंख्या १,७४,२२६, तर अंबरनाथची २,५३,४७५ इतकी नोंदली गेली. मुंबईत नोकरी आणि बदलापुरात घर, अशा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी हे शहर वाढवले. त्यांचा दिवसाचा मोठा भाग लोकलमध्ये जातो. साहजिकच येथील सांस्कृतिक वास्तूचा उपयोग संध्याकाळी उशिरा आणि सुटीच्या दिवशी अधिक होणार, ही बाब आराखड्यात विचारात घ्यावी लागते.

येथील सांस्कृतिक जीवनाचे उल्लेखनीय उदाहरण म्हणजे श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय. दुर्मीळ मराठी ग्रंथ व नियतकालिकांच्या संग्रहामुळे संशोधकांना बदलापूरची वाट धरावी लागली. मोठी वास्तू आधी आणि संस्था नंतर, असा क्रम येथे नाही. आधी ग्रंथ जमले, वाचक जमले आणि जागेचा प्रश्न त्यामागून आला. ग्रंथालयाचा आराखडा करणाऱ्या विद्यार्थ्याने हा क्रम ध्यानात घेतल्यास भव्य प्रवेशकक्षापेक्षा ग्रंथांची ओल व वाळवीपासून सुरक्षितता त्याला अधिक महत्त्वाची वाटेल.

ओलीचा प्रश्न येथे नाममात्र नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास नदीकाठच्या वस्तीला पुराचा तडाखा बसला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांची सुटका करावी लागली. पूररेषा न पाहता नदीकाठी मांडलेले रंगमंदिर कागदावर कितीही देखणे असले तरी ते या गावाचे होऊ शकत नाही. याउलट उंच जोत्यावरील सभागृह पुराच्या रात्री निवाऱ्याचे स्थानही होऊ शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, या परिसरात विद्यार्थ्याच्या वास्तु-रेखाटनाची परंपरा १८६८ पासूनची असून ती मोजणीतून सुरू झाली आहे. दुसरा, तीनही शहरांतील सार्वजनिक वास्तूंची जडणघडण वेगवेगळ्या कारणांनी झाली. अंबरनाथला राजाश्रय, उल्हासनगरला विस्थापन आणि बदलापूरला रेल्वे ही ती कारणे होत. त्यामुळे एकच नमुना-आराखडा तिन्ही ठिकाणी लागू पडत नाही. तिसरा, अंबरनाथच्या शिवालयाभोवती संरक्षित स्मारकांच्या कायद्यानुसार शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील दोनशे मीटरवर निर्बंध आहेत. महाशिवरात्रीच्या गर्दीची सोय करणारा कोणताही प्रकल्प या मर्यादेत राहूनच विचारात घ्यावा लागतो.

चौथा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. शिवालय नऊशेहून अधिक वर्षे टिकले. बराकींना मात्र शंभरी गाठता येईल असे दिसत नाही. त्यांची मोजणी करण्यास फार अवधी उरलेला नाही. वास्तुकला महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील मोजणीचे आराखडे स्थानिक ग्रंथालये, नगरपालिका व महानगरपालिका यांच्याकडे एक प्रत म्हणून जमा करण्याची पद्धत पाडली, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या अंबरनाथच्या आराखड्यांचा उपयोग पुढील पिढ्यांच्या अभ्यासकांना झाला. उल्हासनगरच्या बराकीचा आज काढलेला आराखडाही उद्याच्या इतिहासकाराला तितकाच उपयोगी पडेल. प्रकल्पातील नवी वास्तू बांधली जावो वा न जावो, तिच्यासाठी केलेली जुन्याची नोंद व्यर्थ जाऊ नये.