सूर्य डोक्यावर, तरी घरात अंधार

मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, "सर, गच्चीवर पॅनेल आहेत, ऊन रणरणतंय, पण लाइट गेली की आमचंही घर बंद. मग एवढा खर्च केला कशाला?" तक्रार रास्त आहे. पण ते बंद पडणं हा बिघाड नव्हे, मुद्दाम घडवलेला गुण आहे, आणि त्याला इतिहास आहे.

1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट तयार झाला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पुढे बरीच वर्षं सौरवीज म्हणजे उपग्रह, नाहीतर आडरानातल्या घरातली बॅटरी. घरची वीज गल्लीतल्या तारेला जोडायची ठरली तिथं पेच उभा राहिला. छोट्या उत्पादकांची वीज घेणं 1978 च्या पुर्पा कायद्यानं तिथल्या कंपन्यांना भाग पडलं.

इथं जरा थांबू. कोपऱ्यावरचा डीपी 11,000 व्होल्टची वीज उतरवून आपल्या घराला 230 देतो. उलट बाजूनं 230 आले, तर तोच डीपी पलीकडे 11,000 उभे करू शकतो. ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही. समजा, लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलाय, आणि आपलं पॅनेल इमानेइतबारे वीज ढकलतंय. चेंजओव्हर न लावता जनरेटर घरात जोडणाऱ्यांनी हाच धोका आधीपासून ओढवून ठेवला होता.

म्हणजे बाहेरची वीज गेली, हे इन्व्हर्टरला कळायला हवं. पण गेलेली गोष्ट कळते कशी? हा आमच्या विषयातला फार जुना वाद. कुमारिल भट्टांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. नैयायिकांना ते मान्य नव्हतं. मीमांसकांची अट मात्र मोठी मार्मिक: घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, एवढ्यानं तो नाही असं ठरत नाही. इन्व्हर्टर नेमकं हेच करतो. तो फ्रिक्वेन्सीला हलकेच धक्का देत राहतो. ग्रिड असेल तर ती ढळत नाही. ढळली, म्हणजे पलीकडे कोणी नाही! मग तो बंद होतो. 2000 सालच्या आयईईई 929 या मानकात त्यासाठी दोन सेकंदांची मर्यादा आहे. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांतही अशी अट आली.

एवढ्यावर भागलं असतं. पण जर्मनीत निराळंच झालं. तिथं 1990 मध्ये हजार छपरांची योजना निघाली, 2000 च्या कायद्यानं सौरविजेला ठरावीक दर मिळाला, आणि छपरं भराभर भरली. सुरक्षेसाठी नियम होता: फ्रिक्वेन्सी 50.2 हर्ट्झवर गेली की तत्क्षणी सुटायचं. एका घरापुरता अगदी शहाणा नियम. पण 2011 अखेर सौर क्षमता 20,000 मेगावॅटच्या पुढे गेली होती, आणि युरोपच्या ग्रिडनं अचानक तूट आली तर म्हणून ठेवलेली राखीव शक्ती होती 3,000 मेगावॅट. सगळे इन्व्हर्टर एकाच आकड्यावर सुटले असते तर? 2006 च्या नोव्हेंबरात युरोपचं ग्रिड तुटलं, तेव्हा एका तुकड्यात फ्रिक्वेन्सी 50.2 च्या वर गेलीही होती. कांटच्या कसोटीचं इतकं रोकडं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नाही. नवीन नियमात 50.2 पासून वीज हळूहळू कमी करायची असं ठरलं, आणि 2012 मध्ये जुनी मोठी यंत्रं दुरुस्त करायचं फर्मान निघालं.

आता त्या गृहस्थांचं उत्तर. बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, आणि बॅकअपची सोय आहे ना ते विचारून घ्या. तो आधी घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो, मगच पंखे-दिवे चालवतो. ही जोडणी परवानाधारक माणसाकडूनच. आम्ही स्वतः तर्कशास्त्र सोडून कशालाही हात लावत नाही. आणि इन्व्हर्टर बंद झाला तरी उन्हात पॅनेलच्या डीसी तारांत व्होल्टेज असतंच, तेव्हा गच्चीवर पोरांना तिकडे फिरकू देऊ नका.

वायरमन मात्र आजही काम सुरू करण्याआधी लाइन तपासतो, डिस्चार्ज रॉड लावून ती अर्थ करतो. आपल्या इन्व्हर्टरला काय कळलं आणि काय नाही, यावर तो विसंबत नाही.