व्यक्ति तितक्या प्रकृति

वांगीं कोणाला पथ्याचीं तर कोणाला वातूळ, असें आपल्या घरचीं वडील माणसें सांगत आलीं आहेत. एकाच पंगतीला बसून एकच भाजी खाल्लेल्या दोघांपैकीं एकजण ढेकर देऊन सुखानें झोंपतो आणि दुसरा रात्रभर तळमळतो, हा अनुभव कोणाला नवा नाहीं. अन्नाची जी गोष्ट तीच औषधाची. परंतु असें कां व्हावें याचें शास्त्रशुद्ध उत्तर मिळालें तें विसाव्या शतकाच्या मध्यास. आणि त्याचा मोठा वाटा हिंवतापावरील एका गोळीला जातो. त्या गोळीची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे. मी वैद्य नव्हे. मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला शाळामास्तर आहें. तेव्हां जेवढें उमगलें तेवढेंच सांगेन.

प्रथम औषधशास्त्राचीं दोन मूलतत्त्वें लक्षांत घेऊं. पहिलें तत्त्व सोळाव्या शतकांतील पॅरासेल्सस या स्विस वैद्यानें सांगून ठेविलें आहे. औषध आणि विष यांत जातीचा भेद नाहीं, मात्रेचा आहे, असें त्याच्या सांगण्याचें सार. दुसरें तत्त्व असें कीं, औषध शरीरावर जसें कार्य करतें तसें शरीरहि औषधावर कार्य करीत असतें. गोळी पोटांत विरघळते, रक्तांत मिसळते, यकृतांत तिचें रूप पालटतें आणि अखेर ती बहुधा मूत्रावाटें बाहेर पडते. औषधाचा गुण किंवा अवगुण या दोन्ही क्रियांच्या मेळावर अवलंबून असतो.

आतां मात्रा ठरते ती अनेक माणसांवरील अनुभवाच्या सरासरीनें. वर्गांतील मुलांच्या गुणांची सरासरी पन्नास निघते, पण कित्येकदां नेमके पन्नास गुण मिळविलेला मुलगा वर्गांत एकहि नसतो. सरासरी हिशेबाला उपयोगी पडते. परंतु वैद्यासमोर जो बसतो तो सरासरीचा मनुष्य नसून कोणी तरी एक विशिष्ट मनुष्य असतो. त्याचें वेगळेपण कशांत आहे, हा खरा प्रश्न.

या प्रश्नाची पहिली उकल लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरॉड या डॉक्टरानें केली. कांहीं मुलांचें मूत्र हवेंत ठेवलें कीं काळें पडतें. या विकाराला अल्काप्टोन्यूरिया म्हणतात. गॅरॉड यांना असें दिसलें कीं, या मुलांचे आईबाप पुष्कळदां एकमेकांचीं चुलत-मामे भावंडें असतात. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच, १९०० सालीं, पुन्हां उजेडांत आले होते. ते या विकाराला लागू पडतात, असें गॅरॉड यांनीं १९०२ सालीं प्रतिपादन केलें. माणसांच्या चेहऱ्यांत जसा भेद असतो तसाच त्यांच्या शरीरांतील रासायनिक व्यवहारांतहि असतो आणि तो आईबापांकडून येतो, हा त्यांचा विचार. तो काळाच्या पुढें होता. पुष्कळ वर्षें त्याकडे कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं.

आतां हिंवतापाकडे वळूं. या तापानें आपल्या देशाचें किती नुकसान केलें तें सांगावयास नको. १८२० सालीं पेल्तिये व काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं सिंकोना झाडाच्या सालींतून क्विनीन, म्हणजे आपलें कोयनेल, वेगळें काढलें. १८९७ सालीं रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतू पाहिले. परंतु एका प्रकारचा हिंवताप मोठा चिवट निघाला. त्याच्या जंतूचें नांव व्हायव्हॅक्स. कोयनेलानें ताप उतरावा, रोगी कामाला लागावा आणि कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं ताप पुन्हां उलटावा, असें चाले. याचें कारण असें कीं हे जंतू यकृतांतहि घर करून असतात आणि तेथें कोयनेलाची मात्रा चालत नाहीं. मानवी यकृतांतील व्हायव्हॅक्सची ही अवस्था शॉर्ट व गार्नहॅम यांनीं १९४८ सालीं दाखविली.

यकृतांतील या शत्रूवर चालेल असें पहिलें औषध, पामाक्विन, जर्मन रसायनज्ञांनीं १९२० नंतरच्या दशकांत तयार केलें. पण १९२६ पासूनच एक विलक्षण तक्रार ऐकूं येऊं लागली. बहुतेकांना तें मानवे. क्वचित् एखाद्याला मात्र दोन-तीन दिवसांत काळसर मूत्र होई, डोळे पिवळे पडत आणि अंगांतील रक्त झपाट्यानें कमी होई. औषध तेंच, मात्रा तीच. मग या एकट्यालाच असें कां व्हावें, हें कोणालाच सांगतां येईना.

पुढें दुसरें महायुद्ध पेटलें. १९४२ सालीं जावा बेट जपानच्या हातीं गेलें आणि जगाला होणारा कोयनेलाचा मुख्य पुरवठा तुटला. अमेरिकेनें नव्या औषधांचा शोध मोठ्या नेटानें चालविला. या शोधाचें एक केंद्र होतें इलिनॉय प्रांतांतील स्टेटव्हिल येथील तुरुंग. १९४४ पासून तेथील कैद्यांना मुद्दाम हिंवतापाचे डांस चाववून त्यांच्यावर नवीं औषधें पारखण्यांत येऊं लागलीं. शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर आल्फ आल्व्हिंग हे या कामाचे प्रमुख होते. यांतूनच पामाक्विनपेक्षां सौम्य व अधिक गुणकारी असें प्रायमाक्विन पुढें आलें. १९५० ते १९५३ या काळांतील कोरियन युद्धाहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना तें रोज एक याप्रमाणें चौदा दिवस देण्यांत येई.

तेव्हां तीच जुनी तक्रार पुन्हां उद्भवली. कृष्णवर्णीय सैनिकांपैकीं थोड्यांचें रक्त या गोळीनें फुटूं लागलें. प्रथम कित्येकांना वाटलें, हा वंशाचा प्रश्न आहे. परंतु त्याच वंशाच्या बहुसंख्य लोकांना गोळी बाधत नव्हती, हेंहि तितकेंच खरें होतें. तेव्हां खरा दोष कोठें, औषधांत, त्या माणसाच्या यकृतांत, कीं त्याच्या रक्तांत?

१९५४ सालीं आल्व्हिंग यांच्या सहकाऱ्यांनीं याचा छडा एका साध्या, पण अत्यंत बुद्धिमान प्रयोगानें लावला. ज्याला गोळी बाधते अशा मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशी घेऊन त्यांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या निरोगी मनुष्याच्या शिरेंत सोडल्या. नंतर त्या निरोगी मनुष्याला प्रायमाक्विन दिलें. त्याच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या. पाहुण्या पेशी मात्र फुटल्या. मग उलट केलें. निरोगी मनुष्याच्या पेशी गोळी बाधणाऱ्याच्या अंगांत सोडल्या, तर त्या सुरक्षित राहिल्या. म्हणजे दोष यकृताचा नव्हे, औषध पचविण्याचाहि नव्हे. तो त्या तांबड्या पेशींतच जन्मतः होता.

आणखी एक गोष्ट आढळली. गोळी तशीच चालू ठेवली तरी कांहीं दिवसांनीं रक्त फुटणें आपोआप थांबे. तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. गोळीनें फुटत त्या वयस्क पेशी. नव्यानें जन्मलेल्या पेशी टिकाव धरीत. म्हणजे पेशींत अशी कांहीं शिदोरी होती कीं जी वयाबरोबर संपत जाई. ती शिदोरी कोणती, हें १९५६ सालीं पॉल कार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. तिचें नांव लांबलचक आहे : ग्लूकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज, थोडक्यांत जी-६-पी-डी. हें एक विकर, म्हणजे एन्झाइम. लोखंडाला जसा हवेनें गंज चढतो तशीच झीज ऑक्सिजनाच्या योगानें तांबड्या पेशीलाहि लागूं पाहते. तिचें निवारण ग्लुटाथिऑन नांवाचें द्रव्य करतें आणि त्या पहारेकऱ्याला पुनःपुन्हां शस्त्रें पुरविण्याचें काम या विकरावर अवलंबून असतें. ज्याच्या पेशींत विकर कमी, त्याचा पहारेकरी लवकर निःशस्त्र होतो. एरव्हीं त्याचें चालून जातें. परंतु प्रायमाक्विनसारखें औषध आलें कीं गंजाचा हल्ला दुणावतो आणि पेशी फुटतात.

हा दोष वारशानें कसा येतो? त्याचें जनुक एक्स नांवाच्या गुणसूत्रावर असतें. पुरुषाला एक्स एकच, आईकडून मिळालेलें. स्त्रीला दोन, एक आईचें व एक बापाचें. म्हणून मुलाच्या वांट्याला सदोष एक्स आलें कीं उणीव प्रकट होते. आईच्या एका एक्सवर दोष असला तर तिच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा. बापाचा दोष मुलाकडे कधींच जात नाहीं. मुलींकडे मात्र प्रत्येकीकडे जातो. स्त्री दुसऱ्या एक्सच्या आधारानें बहुधा निभावते. तथापि तिच्या कांहीं पेशी सदोष व कांहीं निर्दोष असल्यामुळें तिलाहि कमीअधिक त्रास होऊं शकतो.

एवढा उलगडा होतांच जुनीं कोडीं एकामागून एक सुटूं लागलीं. भूमध्य समुद्राकांठच्या कांहीं लोकांना फावा नांवाचें कडधान्य खाल्ल्यानें रक्त फुटण्याचा विकार होतो, हें फार दिवसांचें ठाऊक होतें. त्याच्या मुळाशींहि हीच उणीव निघाली. मुंबईंतील पारशी समाजांत ती आढळते, हें बक्षी, बालकृष्णन्, उंडेविया व संघवी यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत नोंदलें आहे. आज जगांत सुमारें चाळीस कोटि लोकांत ती असावी असा अंदाज आहे. नकाशा पाहिला तर जेथें पूर्वीं हिंवतापाचा उपद्रव फार, तेथेंच ही उणीवहि अधिक, असें दिसतें. कारण या उणिवेमुळें हिंवतापाच्या मारक स्वरूपापासून कांहीं संरक्षण मिळतें, असें संशोधक मानतात. जो वारसा पूर्वजांना हिंवतापांतून वांचवीत आला, तोच वारसा त्याच तापाच्या औषधानें वंशजाला संकटांत घालतो, हा निसर्गाचा केवढा विचित्र न्याय!

प्रायमाक्विनच्या उदाहरणावरून शास्त्रज्ञांना नवी वाट दिसली. १९५७ सालीं आर्नो मोटुल्स्की यांनीं औषधांचे असे विपरीत परिणाम, विकरें आणि आनुवंशिकता यांचा संबंध एका लेखांत एकत्र मांडला. १९५९ सालीं फ्रीडरिक फोगेल यांनीं या विद्येला फार्माकोजेनेटिक्स हें नांव दिलें. आपण तिला औषधानुवंशशास्त्र म्हणूं. क्षयावरील आयसोनियाझिड हें औषध कांहींजण भराभर निष्क्रिय करतात व कांहींजण सावकाश. सावकाश करणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येण्याचा धोका अधिक, आणि ब-६ जीवनसत्त्व दिल्यानें तो टळतो. हा भेदहि आनुवंशिकच. शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायू सैल करण्यासाठीं टोंचण्यांत येणाऱ्या सक्सामेथोनियमचा परिणाम बहुतेकांत कांहीं मिनिटांतच ओसरतो. एखाद्याचा श्वास मात्र तासन् तास थांबून राहतो, कारण तें औषध मोडणारें विकर त्याच्या रक्तांत जन्मतः दुबळें असतें.

श्रोतेहो, या कथेला एक काळी किनार आहे. ती लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्टेटव्हिलच्या कैद्यांनीं संमति दिली होती, असें सांगण्यांत येई. पण तुरुंगाच्या भिंतींआड, शिक्षा कमी होण्याच्या आशेनें दिलेली संमति कितपत मोकळी म्हणावी? युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथें नाझी डॉक्टरांवर खटला चालला, तेव्हां त्यांच्या वकिलांनीं याच तुरुंगाकडे बोट दाखविलें. नाझींचीं कृत्यें त्यामुळें तसूभरहि सौम्य ठरत नाहींत. परंतु प्रश्न मात्र बोंचणारा होता. १९४७ सालच्या निकालपत्रांत, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेची संमति अत्यावश्यक आहे, हें कलम पहिलें घातलें गेलें. तरीहि स्टेटव्हिलचे प्रयोग १९७४ पर्यंत चालले. आज एखाद्या खेड्यांतील रोग्याचें रक्त तपासून त्याला सुरक्षितपणें औषध देतां येतें, त्यामागें त्या कैद्यांचें ऋण आहे. ज्ञान मोलाचें आहे म्हणून तें मिळविण्याची रीत आपोआप शुद्ध ठरत नाहीं.

मग आपण यांतून काय घ्यावयाचें? व्हायव्हॅक्स हिंवताप मुळापासून जावा म्हणून प्रायमाक्विन आजहि चौदा दिवस देण्यांत येतें आणि तें आवश्यकच आहे. ही हकीकत ऐकून कोणी गोळी टाकून देईल तर तो माझ्या बोलण्याचा विपर्यास होईल. ती सुरू करण्यापूर्वीं जी-६-पी-डीची तपासणी व्हावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. उणीव आढळलीच तर डॉक्टर मात्रेचें व दिवसांचें गणित बदलतात. गोळी घेत असतां मूत्र काळसर झालें, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर गोळी थांबवून तत्काळ दवाखाना गांठावा. घरांत पूर्वीं कोणाला कोणतें औषध बाधलें होतें, हें डॉक्टरांना न विचारतां सांगावें. ती घरगुती कथा नसून शास्त्रीय माहिती आहे.

प्रथम ज्यांनीं हा वंशाचा दोष मानला त्यांची चूक आपण पुन्हां करूं नये. ही उणीव कृष्णवर्णीयांत निघाली, इटालियनांत निघाली, पारशांत निघाली. आणि या सर्व समाजांतील बहुसंख्य लोकांत ती नव्हती. तेव्हां जात पाहून औषध देणें व्यर्थ. रक्त पाहून द्यावें. व्यक्ति तितक्या प्रकृति हें आपल्या वाडवडिलांचें बोल आपण आजवर दुसऱ्याच्या लहरीवर पांघरूण घालण्यासाठीं वापरीत आलों. औषध देतांना मात्र तें अक्षरशः पाळावयाचें आहे.