आरोपी, आरोपपत्र आणि निर्दोष मुक्तता : फौजदारी कायद्यातील काही संज्ञा

भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील चांदनी हे मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्याचे गाव. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या या टापूत मराठी व हिंदी शेजारी नांदतात आणि त्यामुळे कायद्याच्या भाषेची मोठी गंमत होते. तेथे पोलिसांनी ‘चालान’ सादर केले म्हणजे वाहनाचा दंड नव्हे, तर आरोपपत्र दाखल झाले; ‘खात्मा’ झाला म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल गेला. मराठी वाचकाच्या ओळखीच्या संज्ञांचा नेमका अर्थही पुष्कळदा असाच निसटतो.

याच जिल्ह्यातील मोहद गावचे प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. १८ जून २०१७ रोजी क्रिकेटच्या चॅम्पियन्स चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला हरविले. त्या विजयाचा जल्लोष केल्याच्या आरोपावरून पंधरा जणांना अटक झाली. ज्याच्या नावे तक्रार नोंदली होती, त्यानेच पुढे आपण तशी तक्रार दिली नसल्याचे सांगितले.

पोलीस ठाण्यात प्रथम नोंदला जातो तो ‘प्रथम खबर अहवाल’, अर्थात एफआयआर. तो गुन्ह्याची खबर असतो, पुरावा नव्हे. गुन्हा ‘दखलपात्र’ असल्यास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास व वॉरंटविना अटक करू शकतात. ‘अदखलपात्र’ असल्यास नाही. अटक केलेल्या व्यक्तीस, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. ही हमी थेट राज्यघटनेच्या २२व्या अनुच्छेदात आहे.

मोहद प्रकरणी आरंभी राजद्रोहाचे १२४-अ हे कलम लावले गेले. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले हे कलम काही दिवसांतच मागे घेऊन, समाजगटांत वैरभाव वाढविण्याविषयीचे १५३-अ कलम लावण्यात आले. त्याची शिक्षा सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंतची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असून दुसऱ्या कलमाची जागा तेथे १९६व्या कलमाने घेतली आहे. ‘राजद्रोह’ हा शब्द नव्या संहितेत नाही. मात्र देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी १५२वे कलम आहे.

सर्वाधिक गैरसमज ‘अजामीनपात्र’ या शब्दाभोवती आढळतो. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो. जामीन मिळणारच नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. मोहदच्या आरोपींनाही तो मिळाला. शिवाय साठ दिवसांत, आणि मृत्युदंड, जन्मठेप वा दहा वर्षे व त्याहून अधिक कारावासाच्या गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, आरोपपत्र दाखल न झाल्यास कोठडीतील आरोपीला मुदतचुकीचा जामीन मागता येतो.

‘आरोपपत्र’ हा तपासाअंती पोलिसांनी दिलेला अहवाल होय. त्यावरून न्यायालय ‘आरोप निश्चित’ करते, तेव्हा खटला खऱ्या अर्थाने उभा राहतो. आरोप निश्चित करण्याजोगा आधारच नसल्यास होते ती ‘दोषमुक्ती’. साक्षीपुरावे तपासून गुन्हा सिद्ध न झाल्यास होते ती ‘निर्दोष मुक्तता’. वृत्तपत्रे दोन्हींना सरसकट ‘सुटका’ म्हणतात, आणि जामिनावर बाहेर येण्यालाही! आपल्याच बाजूविरुद्ध जबाब देणारा साक्षीदार ‘फितूर’ ठरतो. पण त्याची साक्ष तेवढ्यावरून पूर्णतः निरुपयोगी होत नाही.

मोहदच्या आरोपींची ऑक्टोबर २०२३ मध्ये निर्दोष मुक्तता झाली. अटकेपासून सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तोवर कायद्याच्या लेखी ते केवळ ‘आरोपी’ होते. दोषसिद्ध कधीच नव्हते.

‘संशयाचा फायदा’ मिळालेला मनुष्य अर्धवट निर्दोष असतो, अशीही एक समजूत आहे. ‘सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता’ अशी वेगळी श्रेणी फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत कोठेही नाही. तरीही सरकारी नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत हा भेद विचारात घेतला जातो, आणि न्यायालयाने सोडलेल्या उमेदवाराची तेथे पुन्हा अडवणूक होऊ शकते.